ठरावात काय लिहाल? मराठवाड्यातील ग्रामसभांना खुले पत्र

प्रति,
सरपंच, उपसरपंच, सदस्य आणि समस्त ग्रामस्थ,
मराठवाड्यातील सर्व ग्रामसभा

सप्रेम नमस्कार.

1 मेच्या ग्रामसभेच्या नोटिशीत हवामान बदलाचा विषय असला, तर तो बहुधा शेवटच्या ओळीत असतो. माझी वसुंधरा अभियानाची शपथ होते, फोटो निघतो, तो वर पाठवला जातो आणि सभा घरकुलाच्या यादीकडे वळते. शपथेला आमचा विरोध नाही. पण त्या शपथेचा गावातल्या मोटारींशी, काडेपेटीशी आणि बोअरच्या गाडीशी कुणी संबंध लावत नाही, म्हणून हे पत्र. आम्ही मृद-जलसंधारण, कृषी विस्तार आणि पंपदुरुस्ती या कामांत असलेली काही माणसं आहोत. खाली लिहिलंय ते सभेत वाचून दाखवा, खोडा, वाद घाला. पण त्यातलं काही तरी इतिवृत्तात उतरू द्या.

पारावर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "निसर्गापुढं कुणाचं चालतंय?" दुसरं, "धूर अमेरिकेनं सोडला अन् भोगायचं आपण." दुसरं वाक्य खरंच आहे. अमेरिकेतला माणूस वर्षाला सरासरी 14 टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, भारतातला साधारण 2 टन, आणि चार एकर कोरडवाहूवाला त्याच्याही खालीच असणार. गेवराईच्या नाहीतर औंढ्याच्या शेतकऱ्याने जगाचं पाप आपल्या माथ्यावर घ्यावं असं जो सांगेल, त्याला खुशाल खाली बसवा. पहिलं वाक्य मात्र निम्मंच खरं आहे. पाऊस कधी आणि किती पडेल ते आपल्या हातात नाही. पडलेल्या पावसाचं, मातीचं आणि विहिरीतल्या पाण्याचं काय होईल, हे बरंचसं गावाच्या हातात आहे. आणि तिथे एकाच्या वागण्याची किंमत शेजारचा मोजतो. आम्ही जबाबदारी म्हणतोय ती एवढीच. जगाची नाही, खालच्या रानाची.

मराठवाड्यात जून ते सप्टेंबर सरासरी 680 मिमीच्या आसपास पाऊस पडतो. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पडतो तेव्हा कोसळतो. आणि तीच तापलेली हवा उघडिपीत जमिनीची ओल लवकर ओढून नेते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. सप्टेंबर 2025 मध्ये सीना, मांजरा, सिंदफणा पात्राबाहेर पडल्या आणि काठच्या जमिनी मुरुमापर्यंत खरडून गेल्या. मधे पुरती दहा वर्षंही नाहीत. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिमी पाऊस झाला की सरकारदरबारी ती अतिवृष्टी. एका एकरावर 65 मिमी म्हणजे 2 लाख 63 हजार लिटर, 12 हजार लिटरचे टँकर धरले तर जवळपास 22 टँकर. यातलं किती तुमच्या रानात मुरतं आणि किती तुमची माती घेऊन शेजाऱ्याच्या रानात उतरतं, हे तुम्ही पेरणी कशी केली त्यावर ठरतं.

पेरणीपासूनच बोलू, कारण घाई तिथेच होते. 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं परभणीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं आणि दरवर्षी पहिल्या 30-40 मिमीवर तिफणी निघतात. वरची चार बोटं माती ओली होते, बी फुगतं, कोंब सुटतो आणि खालच्या कोरड्या थराला लागून मरतो. मग दुबार पेरणी. मंडळाच्या ठिकाणचा आकडा तुमच्या शिवाराचा नसतो. पाच किलोमीटरवर पाऊस निम्मा असू शकतो. ग्रामपंचायतीने एक साधं पर्जन्यमापक घ्यावं. तेही नको असेल तर सरळ कडांचा, वर-खाली सारख्याच तोंडाचा डबा उघड्यावर ठेवा, झाडा-भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट लांब, आणि रोज सकाळी त्याच वेळी पट्टीने पाणी मोजून फळ्यावर लिहा. शेतात खुरप्याने उकरून वीतभर ओल गेली का, तेही बघा. डबा आणि खुरपं दोन्ही हो म्हणाले की पेरा.

सोयाबीनचं घरचं बी असेल तर मे महिन्यातच उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत 100 दाणे मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. सहाव्या-सातव्या दिवशी चांगले कोंब आलेले दाणे मोजा. 70 किंवा जास्त उगवले तर एकरी 30 किलो बी पुरतं. 65 आले तर सव्वाबत्तीस किलो, 60 आले तर 35. त्याच्याही खाली असेल तर ते बी पेरू नका, तेल काढायला द्या. सोयाबीनचं टरफल फार नाजूक असतं. मळणीयंत्राचे फेरे मिनिटाला 400 च्या वर गेले, किंवा पोती ट्रॉलीवरून आपटली, की दाणा बाहेरून चांगला दिसतो आणि आतला कोंब मोडलेला असतो. दुकानदाराला दोष देण्याआधी एवढं तपासून घ्यावं, असं आमचं मत आहे.

पेरा रुंद वरंबा-सरीवर करा. त्यासाठीच्या बीबीएफ यंत्राने वरंब्यावर चार ओळी आणि दोन्ही बाजूंना सरी पडते. यंत्र मिळालं नाही तर साध्या पेरणीत दर चार ओळींनंतर एक ओळ रिकामी ठेवा आणि पीक महिन्याचं व्हायच्या आत तिथे बळीराम नांगराने किंवा कोळप्याला दोरी गुंडाळून सरी उघडा. उघडिपीत सरीतली ओल उपयोगी पडते, अतिवृष्टीत तीच सरी पाणी बाहेर काढते. बिघडतं कुठे? ट्रॅक्टरवाल्याला वळणं कमी घ्यायची असतात, म्हणून तो उताराच्या दिशेने लांब तास घालतो. अशी सरी पहिल्या मोठ्या पावसात घळ होते. सरी उताराला आडवी हवी, किंचित ढाळ देऊन, आणि तिचं तोंड गवत असलेल्या चरात किंवा नाल्यात निघालं पाहिजे. ते तोंड शेजाऱ्याच्या बांधावर काढलं की जुलैत भांडण आणि सप्टेंबरमध्ये दोघांचंही रान चिबड, म्हणजे पाणी साचून दलदल. पाणी कुठून बाहेर काढायचं हा एका शेतकऱ्याने एकट्याने ठरवायचा विषयच नाही. शिवारफेरी काढून गटवार निचऱ्याच्या वाटा ठरवणं हे ग्रामसभेचंच काम आहे. मेमध्ये रानं मोकळी असतात, उतार डोळ्यांना दिसतो. तेव्हा ठरवाल तर वाद निम्मे होतील.

आता बोअर. इथे आम्ही जरा कडक लिहिणार आहोत.

आपल्याखाली बेसाल्टचा काळा खडक आहे. नदीकाठच्या गाळासारखं त्यात पाणी भरून राहत नाही. वरचा कुजलेला मुरुमाचा थर आणि खालच्या भेगा, एवढ्यातच ते असतं. खडकाच्या एकूण आकारमानाच्या साधारण 1 ते 3 टक्के एवढंच पाणी त्यातून हाती येतं. 500-600 फुटांवर लागलेलं पाणी हे बऱ्याचदा कुठल्या तरी भेगेत वर्षानुवर्षं साठलेलं असतं. ते उपसलं की एका पावसाळ्यात परत भरत नाही. आणि भेग जर शेजाऱ्याच्या विहिरीखालून गेलेली असेल तर तुम्ही नवं पाणी शोधलेलं नसतं, त्याचंच खालून ओढलेलं असतं. मग तो 700 फूट जातो. 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण 200 फुटांपेक्षा जास्त खोल गेलेल्या विहिरीला किंवा बोअरला खोल विहीर म्हटलंय, आणि कायद्याचा सगळा रोख ती रोखण्याकडे आहे. गावात हा कायदा कुणी काढत नाही, कारण ज्याने काढायचा त्याच्या घरचा बोअरही 600 फुटांचा असतो.

नवा बोअर घेण्याआधी जुन्याचं पुनर्भरण करून बघा, म्हणजे पावसाचं पाणी गाळून त्यात उतरवा. केसिंगच्या (बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाइपच्या) भोवती 2 मीटर लांब, 2 रुंद, 2 खोल खड्डा घ्या. खाली उतरण्याआधी कडांना उतार द्या. काळ्या मातीत उभी कड ढासळते आणि माणूस आत अडकतो. मोटार आणि केबल वर काढून घ्या. केसिंगच्या खड्ड्यात उघड्या पडलेल्या खालच्या सव्वा मीटर भागाला 4 ते 5 मिमीची छिद्रं ड्रिलने पाडा, भोवती काथ्या किंवा नायलॉनची जाळी दोन-तीन वेढे घट्ट गुंडाळा. मग तळाला मोठे दगड, त्यावर लहान दगड, त्यावर खडी आणि सगळ्यात वर जाड वाळू. केसिंगचं तोंड जमिनीच्या वर आणि झाकलेलं. एवढं काम मेच्या अखेरीस दोन-तीन दिवसांत होतं.

ते फसतं कसं तेही लिहितो, कारण फसलेला एक खड्डा बघून दहा जण हे काम सोडून देतात. सगळ्यात मोठी चूक म्हणजे नांगरलेल्या रानातलं गढूळ पाणी थेट खड्ड्यात सोडणं. आपली काळी माती इतकी बारीक असते की एका पावसाळ्यात वाळूवर तिचा लेप बसतो आणि पाणी वरच तुंबतं. म्हणून आधी एक गाळखड्डा हवा, किमान दीड मीटर लांबीचा. त्यात पाणी संथ होऊन गाळ खाली बसला की वरचंच पाणी पाइपने पुढे जायला हवं. दर वर्षी मेमध्ये वरची पाच-सहा इंच वाळू काढून, धुऊन परत टाका. दुसरी चूक, गॅसच्या ज्योतीने छिद्रं पाडणं; ती मोठी होतात, जाळी फाटते आणि खडी बोअरमध्ये उतरते. तिसरी, शौचालयाचा शोषखड्डा किंवा उकिरडा जवळ असताना पुनर्भरण करणं. तणनाशक मारलेल्या रानातलं पहिल्या पावसाचं पाणीही वळवून टाका. घरच्या छताचं पाणी यापेक्षा सोपं आणि स्वच्छ: 50 चौरस मीटरच्या स्लॅबवर 600 मिमी पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला समजलं तरी 24 हजार लिटर, म्हणजे दोन टँकर. पहिल्या पावसाचं शे-दीडशे लिटर बाहेर सोडा, पुढचं घ्या.

काडेपेटीचं काय करायचं?

मार्च-एप्रिलच्या रात्री कुठल्याही राज्य रस्त्याने जा, बांध पेटलेले दिसतात. कुणाला विचारलं तर आग "आपोआप लागली" असते. बांधावरच्या कडुलिंबाच्या बुडाशी पालापाचोळा साचलेला असतो, तो अर्धा तास धुमसतो. झाड वरून हिरवं दिसतं, पण एका बाजूच्या सालीखालचा ओला पदर शिजलेला असतो. पावसाळ्यात तेवढी साल सुटते, वाळवी आत शिरते आणि दोन-चार वर्षांनी वावटळीत झाड बरोबर तिथूनच मोडतं. मग सरकार त्याच बांधावर लावायला नवी रोपं देतं. शेजाऱ्याची कडब्याची गंजी, ठिबकच्या नळ्या, बांधावरचा पाइप, ही वरकड नुकसानी वेगळीच.

बांध पेटवणाऱ्याचीही बाजू आहे: गवतात साप-उंदीर राहतात, तणाचं बी रानात येतं आणि मजूर मिळत नाही. त्यावर उपाय मार्चमध्ये नाही, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आहे. गवत बी धरण्याआधी ग्रास कटरने कापलं तर ते जनावरांना चालतं आणि उन्हाळ्यात जाळायला काही उरत नाही. ग्रामपंचायतीने दोन यंत्रं घेऊन भाड्याने दिली तर हा प्रश्न बराचसा मिटेल. पऱ्हाट्यांचं, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचं वेगळं. त्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते, म्हणून त्या रानात उभ्या ठेवू नयेत हे खरं. पण जाळणं हाच एक मार्ग नाही. श्रेडरने बारीक करून मातीत मिसळल्या की अळीचंही घर मोडतं. सोयाबीनची गुळी, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, मोसंबी-डाळिंबाच्या आळ्यात आच्छादनाला चालते.

पाचट जाळणाऱ्यांसाठी थोडा हिशेब. उसाचं पाचट एकरी साधारण 4 टन निघतं. टनामागे 5 किलोच्या आसपास नत्र असतं, म्हणजे एकरी 20 किलो. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत 20.7 किलो नत्र असतं. एकरभर पाचट पेटवणारा एक गोणी युरिया पेटवतो आणि पंधरा दिवसांनी दुकानातून दुसरी आणतो. "जळालेला कार्बन पुढच्या पिकात परत येतोच की," असं शिकलेली पोरं म्हणतात. ते बरोबर आहे, पण काजळी, मिथेन आणि गेलेलं नत्र परत येत नाही, आणि मातीला जो सेंद्रिय कर्ब मिळायचा तोही मिळत नाही. आपल्याकडच्या माती अहवालांत तो अनेकदा अर्ध्या टक्क्याच्या आत असतो. अशी माती पाणी धरत नाही, उघडिपीत आठवडाभर आधी पीक माना टाकतं. खोडव्यात (तोडणीनंतर परत फुटलेल्या उसात) पाचट एक आड एक सरीत दाबा. सगळ्या सऱ्यांत भरलं तर पाणी पुढे सरकत नाही आणि पाणी देणारा वैतागून दुसऱ्या वर्षी काडी लावतो. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका, बुडखे जमिनीलगत छाटा, पाणी द्या. युरिया वगळला तर जिवाणू जमिनीतलंच नत्र खातात आणि फुटवा पिवळा पडतो. मग पाचटाच्या नावाने बोटं मोडली जातात.

युरियाचा विषय निघालाच आहे तर: टाकलेल्या नत्रातलं ढोबळमानाने 1 टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं असं धरतात. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवणारा. एका गोणीमागे त्याचा हिशेब 90 किलो कार्बन डायऑक्साइडच्या घरात जातो, म्हणजे मोटारसायकलमध्ये 38-39 लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. सोयाबीन स्वतःचं नत्र स्वतः बांधतं; शिफारस एकरी 12 किलो नत्राची आहे, तीही पेरणीबरोबर. महिन्याने वरून फेकलेली गोणी पानं वाढवते, शेंगा नाही.

पंपांचं थोडक्यात. 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना वीजबिल नाही, त्यामुळे मोटार चालू राहिली तरी खिशाला कळत नाही. पाच एचपीची मोटार तासाला चार-साडेचार युनिट घेते. रात्रीचे आठ तास चालली तर 35 युनिट, आणि आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची असल्याने सुमारे 25 किलो कार्बन डायऑक्साइड. त्याहून मोठं दुखणं ऑटो स्विचचं आहे. वीज आली की एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, डीपी जळतो, आणि मग सगळं शिवार आठ-पंधरा दिवस कोरडं. ऑटो काढा, कपॅसिटर बसवा: 3 एचपीला 1 केव्हीएआर, 5 एचपीला 2, साडेसातला 3. एकट्याने बसवून उपयोग नाही, हे डीपीवरच्या सगळ्यांनी एका दिवशी करायचं काम आहे. घरातले बल्ब, पिशव्या, पंख्याची बटणं यावर शाळेत पुरेसं बोललं जातं; आम्ही त्यात भर घालत नाही.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. गावात सगळ्यांची जबाबदारी सारखी नाही. तीन बोअर, दोन ट्रॅक्टर आणि सहा एकर ऊस असणाऱ्याची वेगळी, सालगड्याची वेगळी. सभेत उपदेश मात्र उलटा होतो: चुलीच्या धुराबद्दल बायकांना सांगितलं जातं आणि पाटाने ऊस भिजवणारा व्यासपीठावर असतो. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं तर 1 मेच्या सभेला बऱ्याचदा नुकतीच परतलेली असतात. टँकरची रांग तीच लावतात. पाण्याच्या ठरावावर आधी त्यांना बोलू द्या.

ठरावात काय लिहायचं, तर आमचं सुचवणं असं. बोअरची नोंदवही ग्रामपंचायतीत ठेवा: गट नंबर, तारीख, खोली, पाणी किती फुटांवर लागलं, किती इंच, कधी आटलं. ज्याच्या जुन्या बोअरला किंवा विहिरीला पुनर्भरण नाही, त्याने गाडी बोलावण्याआधी ते करावं. बांध पेटवला तर जळालेल्या झाडाचा आणि शेजाऱ्याच्या नुकसानीचा पंचनामा त्याच आठवड्यात व्हावा आणि भरपाई त्यानेच द्यावी. मेमध्ये निचऱ्याची शिवारफेरी, जूनपासून पावसाचा फळा. आणि 2 ऑक्टोबरच्या सभेत पाण्याचा ताळेबंद: पाऊस किती झाला, विहिरींत किती पुरुष (माणसाच्या उंचीच्या मापाने) पाणी आहे, पिण्याचं बाजूला काढून रब्बीला किती उरतं, त्यात ज्वारी-हरभरा किती आणि उन्हाळी भुईमूग बसतो की नाही. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातल्या गावांनी हे 2018 पासून बघितलेलं आहे; भिंतीवर रंगवलेले आकडे मात्र दरवर्षी नव्याने मांडावे लागतात, जुन्याच आकड्यांवर नवा ऊस लावू नये.

सभेला येताना प्रत्येकाने आपल्या मोटारीचा एचपी, बोअरची खोली आणि गेल्या हंगामात घेतलेल्या युरियाच्या गोण्या एका कागदावर लिहून आणाव्यात. ग्रामसेवकांनी ते कागद गोळा करून बेरीज फळ्यावर मांडावी, नावं न घेता. सभा तिथून सुरू करा. शपथ नंतर घेतली तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपले,
मृद-जलसंधारण, कृषी विस्तार आणि पंपदुरुस्तीच्या कामातील काही जण